धुतलेला पाचू

समोरच्या दातांचा रंग कधीच पांढरा नसतो. त्यात थोडा पिवळा असतो, मुळाशी तपकिरी, कडेला तर चक्क निळसर झाक. पांढराशुभ्र दात बसवला की माणूस हसताना तोंडात दिवा लावल्यासारखा दिसतो.

*

लिफ्ट दुरुस्त करणारा आधी हत्यारांची पेटी खाली ठेवतो आणि मग काहीच करत नाही. डोळे मिटून वरखाली जातो. लिफ्ट कुठं कण्हते ते ऐकतो.

*

तोंडात टाचण्या धरूनही बोलता येतं. सवय लागते.

*

साबण, कोमट पाणी, आणि बोट वर करून धरायचं. ओढायचं नाही. फिरवायचं.

*

"तुला माझ्याशी लग्न करायचंय की नाही?"

"ठरलंय ना."

*

ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचे साचे आणि दातांचे फोटो यायचे आणि त्यावरून इथं कॅपा, ब्रिज, कवळ्या तयार व्हायच्या. नव्या दाताचा रंग शेजारच्या खऱ्या दाताशी जुळवणं हे तिचं काम. म्हणून लॅबमध्ये सगळे तिला रंगारीण म्हणत. तिचं टेबल खिडकीपाशी होतं, कारण रंग दिवसाच्या उजेडातच कळतो. पलीकडच्या टेबलावर पॉलिशवाल्या ताई. वयानं मोठ्या, नाकावर मास्क, आणि मास्कच्या आतून अखंड बोलणं.

एका सकाळी ती अंगठी न घालता आली, हे ताईंनी ती खुर्चीत बसायच्या आत पाहिलं.

"काय गं, काढून ठेवलीस?"

"मोडलं."

"अगंबाई! अंगठी?"

"लग्न, ताई."

ताईंनी पॉलिशचं चाक बंद केलं. ते चाक त्या जेवायच्या सुट्टीशिवाय बंद करत नसत.

"कुणी मोडलं?"

"मी."

"मारायचा?"

"नाही."

"पितो?"

"नाही."

"दुसरी कोणी?"

"नाही हो ताई."

"मग झालं तरी काय?"

"बोलत नाही तो."

"बाई गं, आमचे हे बोलतात. येतेस का एक दिवस ऐकायला?"

तिला हसू आलं, आणि हसता हसता मध्येच थांबावं लागलं.

"अंगठीचं काय करणार?"

"परत. काकूंची आहे ती."

*

काकू म्हणजे त्याची आई. चौथ्या मजल्यावरच्या घराच्या पुढच्या खोलीत त्या कपडे अल्टर करून द्यायच्या. कमरेत घट्ट, खांद्यात ढगळ, बाही लांब, चेन तुटली. गिऱ्हाईक स्टुलावर उभं राहायचं, काकू त्याच्या पायाशी बसून तोंडात टाचण्या धरून बोलायच्या. सगळ्या सोसायटीत वजन कुणाचं वाढलं, कुणाचं उतरलं आणि कशामुळं, हे त्यांना डॉक्टरच्या आधी कळायचं. "घरातले शब्द मीच संपवले," असं त्या स्वतःच म्हणायच्या, "पोराच्या वाट्याला उरलेच नाहीत बिचाऱ्याच्या."

पोरगा लिफ्टच्या कंपनीत. कामावर जाताना "येतो", परत आल्यावर "आलो". मधे काही विचारलं तर "हं". काकूंना त्या "हं"मधले फरक कळायचे. रंगारणीला कळायचे नाहीत. दातातल्या पिवळ्याचे नाना प्रकार ओळखणाऱ्या तिला हे जमेना, याची तिला चीड यायची.

पण काकूंकडे ती तो घरी नसतानाही जायची. काकूंना सुईत दोरा ओवायला आता दिसत नसे. आठवड्यातून एकदा ती लॅबमधून थेट तिकडं जाई आणि सगळ्या रंगांचे दोरे ओवून सुया भिंतीवरच्या कापसाच्या उशीत टोचून ठेवी. काळा, पांढरा, बदामी, राखाडी. उशी साळिंदरासारखी दिसायची. मग चहा. मग काकूंचं बोलणं. कुणी तिला काय वाटतंय हे विचारायच्या आत काकूंनी ते सांगून टाकलेलं असायचं.

लग्न ठरलं तेव्हा काकूंनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढायला घेतली होती. त्यांच्या नवऱ्यानं दिलेली, मधे एक हिरवा पाचू. इतक्या वर्षांत ती बोटातून निघालीच नव्हती. बेसिनपाशी उभं राहून साबण लावून त्या ती फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, "नवऱ्यानं घातली तेव्हा पटकन गेली, निघताना बघ कशी नखरे करते." निघाली तेव्हा बोटाला खोलगट पांढरी खाच राहिली. रंगारणीच्या बोटात ती बरोबर बसली, सैल नाही की घट्ट नाही. "माप बघ! माप एकच आमचं!" काकूंनी सगळ्यांना दाखवलं. अल्टर करावी न लागणारी अशी एक गोष्ट त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाली होती.

तो तेव्हा दारात उभा होता.

*

मोडलं तेव्हा तिला एकच गोष्ट सुचली नव्हती. त्याच्याबरोबर काकूही तिच्या हातून जाणार होत्या.

*

म्हणून अंगठी त्याच्या हातात द्यायची नाही, असं तिनं ठरवलं. कुरिअर नाही, कुणाबरोबर पाठवणं नाही. काकूंच्या हातात, स्वतः. आणि अशी द्यायची, की काकूंना वाटावं, पोरीनं लग्न मोडलं असेल पण माझी वस्तू जपली. एवढं एक वाक्य काकूंच्या मनात राहिलं तरी पुरे होतं. बाकी काय राहील ते राहो.

अंगठी मात्र मळकी होती. तिच्यामुळं नाही. कित्येक वर्षांचा खडू, साबण, शिलाई मशीनचं तेल पाचूखालच्या नक्षीत जाऊन बसलं होतं. टूथब्रशनं निघेना.

लॅबमध्ये एक अल्ट्रासोनिक मशीन आहे. छोटं पाण्याचं टाकं, त्यात जाळीची टोपली. झाकण लावून बटण दाबलं की पाणी डोळ्यांना कळणार नाही इतकं बारीक थरथरतं, आणि धातूच्या फटीत अडकलेली घाण धुरासारखी वर येते. कॅप असो, ब्रिज असो, डॉक्टरकडं जायच्या आधी सगळं त्यातून निघतं. तिथं काम करणारी कुणीही बाई, साफ करायची वस्तू हातात आली की दुसरा विचार करत नाही. ताई घरचे चमचे आणतात.

दुपारी तिनं एका तीन दातांच्या ब्रिजशेजारी अंगठी टोपलीत ठेवली आणि बटण दाबलं.

मळ निघताना तिनं झाकणातून पाहिलं. करडा, लांब, एकसारखा. काकूंची सगळी गिऱ्हाइकं त्यात निघून चालली होती. तिला बरं वाटलं.

टोपली बाहेर काढली तेव्हा सोनं नव्यासारखं लखलखत होतं. पाचू मात्र पाचू राहिला नव्हता. हिरवा होता, पण वाळलेल्या पानासारखा. आत पांढऱ्या रेघा उठल्या होत्या, आणि एक तडा या कडेपासून त्या कडेपर्यंत आरपार.

तिनं तो पुसला. परत पुसला. ब्रिज शेजारी अगदी छान निघाला होता.

*

नाक्यावरच्या सराफानं भिंग डोळ्याला लावलं आणि उगाचच हळू आवाजात बोलायला लागला.

"पाण्यात घातलीत?"

"मशीनमध्ये."

"हं. पाचूत भेगा असतातच बाई. मुळातच असतात. त्यात तेल मुरवतात, म्हणून त्या दिसत नाहीत. तुमच्या मशीननं तेल काढून टाकलं."

"परत मुरवता येईल?"

"जुन्या रेघा झाकतील. ही मोठी आहे ना, ही नवीन. हिला मी काय, कोणीच काही करू शकणार नाही." त्यानं अंगठी परत तिच्या तळहातावर ठेवली. "आठवण आहे का कुणाची?"

"नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "हो."

*

"तुला कशाला हवाय सराफ?" ताई म्हणाल्या. "तुझं कामच ते. लेप लाव."

लेप म्हणजे कॅपवर शेवटचा हात म्हणून लावतात तो पारदर्शक थेंब. निळ्या दिव्याखाली धरला की काचेसारखा घट्ट होतो. दाताला गेलेला बारीक तडा त्यात असा बुजतो, की खुद्द डॉक्टरला नंतर सापडत नाही. पाचूला हिरवी झाक द्यायला तिच्याकडं रंगही होते. हिरव्या दातांची मागणी नसल्यामुळं बाटली भरलेली होती.

संध्याकाळचा उजेड जायच्या आत तिनं अंगठी चिमट्यात धरली, ब्रशच्या टोकावर थेंब घेतला. हात थरथरला नाही. तिचा हात कधीच थरथरत नसे.

थेंब तसाच राहिला.

"काय झालं?" ताई.

"ताई, खोटा दात ज्याच्या तोंडात असतो, त्याला ठाऊक असतं ना तो खोटा आहे म्हणून?"

"म्हणजे? त्यानंच करून घेतलेला असतो."

"तेच."

तिनं ब्रश पुसून ठेवला. ताई म्हणाल्या, "मग जा आणि सांग बाई. पण मला विचारशील तर मूर्खपणा आहे." आणि त्यांनी चाक सुरू केलं.

*

तालीम, बसमध्ये: काकू, मला तुमच्याशी थोडं बोलायचंय, अंगठीबद्दल, रागावू नका, म्हणजे रागावा, तुमचा हक्कच आहे, मी ती स्वच्छ करायला गेले आणि माझ्या हातून पाचूला तडा गेला, माझ्या मूर्खपणामुळं, भरून देण्यासारखी वस्तू नाही हे मला कळतं.

तालीम, रस्ता ओलांडताना: काकू, स्वच्छ करायला गेले आणि तडा गेला.

तालीम, लिफ्टमध्ये: काकू, तडा.

*

रविवारी त्याला कामावर बोलावतात हे तिला माहीत होतं, म्हणून तिनं रविवारची दुपार निवडली होती. दार त्यानंच उघडलं.

"आज नाही गेलास?"

"नाही."

तो बाजूला झाला. पुढच्या खोलीत काकू मशीनवर बसल्या होत्या. कुणाच्या तरी पँटचे पाय मांडीवर पसरलेले. उशीत एकही ओवलेली सुई नव्हती. तिला पाहिल्यावर काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, एकेक करून, डबीत ठेवल्या. मग बोलल्या.

"ये. बस. वाळलीस."

"नाही काकू."

"मला सांगतेस? कमरेत दोन बोटं कमी झालीयेत. चहा टाकू?"

"नको काकू. मी हे द्यायला..."

तिनं रुमालात गुंडाळलेली अंगठी काढून समोर धरली. काकूंनी ती घेतली आणि मशीनच्या दिव्याखाली नेली. डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ, मग परत लांब. सोनं दिव्यात चमकलं. भिंतीवर त्याचा पिवळा ठिपका हलला.

आता, असं तिला वाटलं. आताच.

"अगं किती स्वच्छ केलीस गं!" काकू म्हणाल्या. "माझ्या बोटात कशी मळून गेली होती! नवी झाली की. अरे बघ, बघितलंस? लग्न मोडलं म्हणून काय झालं, पोरगी बघ कशी आहे. वस्तू घेतली तर घासूनपुसून परत आणून देते. लोक उसना कुकर घेतात तर वर जळकं बूड परत करतात." त्यांचा आवाज मध्येच ओला झाला आणि त्यांनी तो लगेच कोरडा केला. "मला कशाचा राग नाही हो. हा असाच आहे, मला माहितीय. याच्याबरोबर मी राहते ते मी जन्म दिला म्हणून."

ती तोंड उघडून बसली होती. जिभेवर शब्द होता, एकच, एवढासा. काकूंच्या चेहऱ्यावरचा आनंद बघत ती बसून राहिली. आणि तो शब्द आत कुठंतरी खाली गेला.

तो मागून पुढं आला. आईच्या खांद्यावरून वाकून त्यानं दिव्याखालच्या अंगठीकडं पाहिलं. मग तिच्याकडं. त्याला दिसलं होतं. लिफ्टच्या दोरीतली तुटलेली तार अंधारात शोधणाऱ्या माणसाला ते दिसणारच होतं.

काकू अंगठी बोटात घालायला लागल्या. सांध्यापाशी अडली. त्यांनी बोट दिव्याजवळ नेलं, नीट बघायला.

"आई, दे इकडं," तो म्हणाला. "तुझा सांधा सुजलाय. ओढशील तर अडकून बसेल, मग कापावी लागेल. मी माप वाढवून आणतो."

एवढं सलग बोलताना तिनं त्याला कधी ऐकलं नव्हतं. काकूंनीही बहुतेक नसावं, कारण त्यांनी मुकाट्यानं अंगठी त्याच्या हातात दिली. त्यानं ती शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

"बघ," काकू तिला म्हणाल्या, "आता बोलतोय. आता!"

जायच्या आधी तिनं सुया ओवल्या. तिला उठवेना, आणि काकूंनीही तिला उठ म्हटलं नाही. काळा, पांढरा, बदामी, राखाडी. डब्यात सापडले ते सगळे रंग.

*

तो तिला खाली सोडायला आला. लिफ्टचं दार बंद झालं. लिफ्ट जुनी, सावकाश उतरणारी.

"तडा दिसला ना तुला?"

"हं."

"मशीनमध्ये घातली होती. धुवायला. मी सांगणार होते काकूंना. खरंच सांगणार होते."

"हं."

हा "हं" तिला कळला. आपल्याला तो कळला याचीच तिला भीती वाटली.

त्यानं बटणांकडं हात नेला. अंगठा चारवर धरला, दाबला नाही.

"वर जाऊ?"

त्यानं तिच्याकडं बघून विचारलं होतं. ती काय म्हणते याची तो खरंच वाट बघत होता, हेही तिला दिसत होतं. वर काकू होत्या, साळिंदरासारखी उशी होती, आणि काकूंच्या मनात तिला हवं असलेलं नेमकं तेच वाक्य होतं. ते वाक्य खोटं करायला वर जायचं होतं. आणि कदाचित, वर गेल्यावर, आणखीही काही बोलावं लागलं असतं. त्याच्याशी.

"नको," ती म्हणाली.

त्यानं अंगठा काढून घेतला. लिफ्ट तळमजल्यावर थोडी उडाली आणि थांबली.

"रोलर झिजलाय," तो दाराकडं बघत म्हणाला.

"हो का?"

"बदलतो."

ती बाहेर पडली. दार बंद होताना त्यानं ते हातानं धरलं नाही, आणि तिनं मागं वळून पाहिलं तेव्हा काचेच्या पट्टीतून फक्त त्याचे बूट वर जाताना दिसले.

*

"काय म्हणाल्या?" ताईंनी विचारलं.

"म्हणाल्या, किती स्वच्छ केलीस."

ताईंनी मास्क खाली केला, काहीतरी बोलायला. मग परत वर केला.

खिडकीतून उजेड चांगला येत होता. तिनं पेशंटच्या फोटोशेजारी रंगांची पट्टी धरली. कुणा अनोळखी बाईचा दात होता, समोरचा. काठाला निळसर झाक.

नंतर कधीतरी काकूंच्या एका गिऱ्हाइकाकडून तिला कळलं, की काकू अंगठी आता डबीत ठेवतात आणि कोणी पँट घालून बघायला आलं की ती काढून दाखवतात. दगड तेल पाजून आणलाय मुलानं. मुलगा म्हणतो, जुन्या पाचूला असा तडा असतोच. आणि काकू म्हणतात, हो ना, पण बघा सोनं कसं ठेवलंय पोरीनं.

*

लग्न मोडायचंय असं तिनं सांगितलं तेव्हा तो तिच्या स्वयंपाकघरातला गळका नळ बदलत होता. त्यानं नवा नळ पूर्ण बसवला, पाणी सोडून पाहिलं, फरशी पुसली, आणि मग गेला.